प्रकाश सरळ, प्लाय वाकडा

भिलाईच्या सेक्टर २ मधल्या क्वार्टरमध्ये कुणी घरगुती लेझर कटर आणला, की बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लोखंड कापतो का?" प्रश्न रास्तच आहे. इथल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी पोलादाच्या प्लांटमध्ये असतं, नाहीतर कधीकाळी होतं. ज्या गावातून २६० मीटर लांबीचे रूळ रेल्वेला जातात, जिथल्या प्लेट मिलमध्ये ३६०० मिलिमीटर रुंदीपर्यंतच्या पोलादी प्लेट लाटल्या जातात आणि त्यातल्या काही थेट 'विक्रांत' युद्धनौकेला लागल्या, तिथे कापणं म्हणजे लोखंड कापणं. आणि उत्तर द्यावं लागतं, की नाही हो. चाळीस-साठ वॅटचं हे यंत्र पत्र्याच्या डब्याचं झाकणसुद्धा कापत नाही.

का कापत नाही, हे कळलं की हे यंत्र कुठे ठेवायचं आणि त्याचा माल कसा ठेवायचा, हेही आपोआप कळायला लागतं. या यंत्रातला किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या हिरव्या प्रकाशाच्या सुमारे वीसपट. या किरणाच्या नजरेने जग पाहिलं तर सगळं उलटंपालटं होतं. तांबं, सोनं, चकचकीत पोलाद हे त्याच्यासाठी आरसे. पडला तसा तो परत जातो. आपल्याला आरपार दिसणारी काच त्याच्यासाठी भिंत. आणि स्वच्छ, पारदर्शक अ‍ॅक्रिलिक? ते त्याला कोळशासारखं काळं. वरच्या थरातच सगळी ऊर्जा शोषली जाते, थराची वितळून वाफ होते, खाली नवा थर उघडा पडतो. म्हणूनच यंत्राचं भिंग काचेचं नसतं. झिंक सेलेनाइड नावाच्या पिवळसर पदार्थाचं असतं. आणि म्हणूनच यंत्राच्या झाकणाला साधी अ‍ॅक्रिलिकची खिडकी चालते. आपण तिच्यातून आत बघतो, किरण तिच्यातून बाहेर येत नाही.

ज्या नळीतून हा किरण निघतो ती ज्याच्या डोक्यातून निघाली तो माणूस बारामतीत जन्मला. चंद्रकुमार नारणभाई पटेल. जग त्यांना कुमार पटेल म्हणून ओळखतं. जन्म १९३८ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी, मग स्टॅनफर्ड, मग १९६१ पासून अमेरिकेतली बेल लॅब्ज. पटेल पुण्यातून बाहेर पडले त्याच्या पुढच्याच वर्षी, ४ फेब्रुवारी १९५९ ला, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून जगातला पहिला लेझर किरण काढला, आणि १९६४ मध्ये पटेलांचा कार्बन डायऑक्साइड लेझर जगापुढे आला.

त्यातली युक्ती अशी, की सुट्या अणूंऐवजी त्यांनी रेणूंच्या थरथरण्याला कामाला लावलं. नळीत कार्बन डायऑक्साइडसोबत नायट्रोजन आणि हेलियम असतो. विजेच्या दाबाने धावणारे इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या रेणूला धडकतात आणि तो थरथरायला लागतो. पण नायट्रोजनमधले दोन्ही अणू सारखेच, त्यामुळे ही थरथर प्रकाश म्हणून बाहेर टाकायची सोय त्याच्याकडे नाही. ऊर्जा साठवून तो नुसता हिंडत राहतो. योगायोग असा, की कार्बन डायऑक्साइडच्या एका विशिष्ट थरथरीला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते. दोघांची टक्कर झाली की ऊर्जा इकडून तिकडे जाते, आणि कार्बन डायऑक्साइड ती किरणाच्या रूपात सोडून देतो. मागे उरलेली उष्णता हेलियम नळीच्या भिंतीपर्यंत वाहून नेतो. निसर्गात दोन अगदी वेगळ्या रेणूंच्या ऊर्जा अशा जुळाव्यात आणि त्यातून साइनबोर्डवाल्याचा धंदा उभा राहावा, याचं मला अजून नवल वाटतं.

आता मूळ मुद्द्याकडे. नळीतून निघालेला किरण पाच-सहा मिलिमीटर जाड असतो. एवढ्या जाड किरणाने कागदही नीट कापला जाणार नाही. तो तीन आरशांवरून वळत भिंगापर्यंत येतो आणि भिंग त्याला आवळून एका ठिपक्यात आणतं. नेहमीच्या दोन इंची भिंगाचं गणित मांडलं तर हा ठिपका साधारण ०.१ मिलिमीटरचा येतो. पण तो ठिपका फार वेळ ठिपका राहत नाही. त्याच्या वर-खाली जेमतेम एकेक मिलिमीटर किरण असा आवळलेला असतो, मग पुन्हा पसरायला लागतो. म्हणजे कापायचा तक्ता एका-दीड मिलिमीटरने वर किंवा खाली गेला, की तीच ऊर्जा दुप्पट-तिप्पट जागेवर पसरते. कापायचं सोडून किरण नुसता जाळायला लागतो. घरगुती लेझर कटरचं टेबल, रॅक, प्लायची थप्पी, सगळी धडपड या एका मिलिमीटरसाठी आहे. माझं तर मत असं, की टेबल आणि रॅक हे फर्निचर नाहीच. ते भिंगाचेच भाग आहेत, फक्त कारखान्याने पाठवायचे राहून गेलेले.

टेबलापासून सुरुवात करू. लोक वजन विचारतात: "तीस किलोचं यंत्र पेलेल ना?" पेलणं अवघड नाही, जुनं अभ्यासाचं टेबलही पेलेल. खरा शत्रू आहे पीळ. यंत्राची चौकट पातळ पत्र्याची, चार पायांवर उभी. टेबलाचा एक कोपरा दबला की चौकटही त्याबरोबर पिळते आणि तिला जोडलेले आरसे कलतात. आरशाचा स्वभाव असा, की तो जेवढा कलेल त्याच्या दुप्पट किरण वळतो. आरशाच्या बैठकीत ८० सेंटिमीटर अंतरावर ०.४ मिलिमीटरचा फरक पडला, म्हणजे चार कागदांच्या जाडीएवढा, तर मीटरभर पुढे किरण जवळजवळ पूर्ण मिलिमीटरने सरकलेला असतो. मग तो भिंगाच्या मध्यातून न जाता कडेने जातो आणि कापलेली धार उभी येण्याऐवजी तिरपी येते. डब्याच्या खाचा एका कोपऱ्यात घट्ट, दुसऱ्या कोपऱ्यात सैल. माणूस आठवडाभर आरसे जुळवत बसतो आणि दोष टेबलाच्या पायात असतो.

पीळ पकडायची सुतारांची एक सोपी रीत आहे. टेबलाच्या चारी कोपऱ्यांवर सारख्या जाडीचे ठोकळे ठेवायचे आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणून बांधायचे. दोरे मध्यावर एकमेकांना ओलांडतात. तिथे डोळा लावून बघायचं. वरचा दोरा खालच्याला नुसता टेकला असेल तर टेबल सपाट आहे. मध्ये फट दिसली किंवा दोरा वर उचलला गेला, तर पीळ आहे. आता दोऱ्यांचा क्रम बदलून पुन्हा बघायचं, म्हणजे डोळ्याची फसगत होत नाही. पायाखाली पाचर सारत सारत दोरे एकमेकांना टेकवायचे. यात पाणसळ लागत नाही, आणि हेच लक्षात ठेवण्यासारखं आहे: टेबल जमिनीला समांतर असण्याची किरणाला काही पडलेली नाही. क्वार्टरमधल्या फरशीला मोरीकडे उतार असतोच. टेबल थोडं कललेलं चालेल, पिळलेलं चालणार नाही.

टेबल घ्यावं की बनवावं? दुसरीकडे मी म्हटलं असतं, जाड प्लायचं घ्या. भिलाईत बनवावं, आणि लोखंडाचंच. पावर हाउसकडे किंवा नंदिनी रोडला अँगल कापून वेल्डिंग करून देणारा सहज मिळतो, आणि त्याला 'पाय डुगडुगता कामा नये' एवढं सांगितलं तरी पुरतं. लोखंडी चौकटीचा मोठा गुण म्हणजे उन्हाळ्यात ती सगळ्या दिशांनी सारखीच वाढते, त्यामुळे काटकोन काटकोनच राहतो, आणि पावसाळ्यात फुगत नाही. एकच अट घालायची: मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या चौकटीत तिरपी पट्टी. चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही.

या तिरप्या पट्टीचं महत्त्व कोरीवकामात कळतं. कोरताना यंत्राचं डोकं डावीकडून उजवीकडे आणि परत, असं सारखं धावतं. मोठं चित्र असेल तर एका फेरीला सेकंद-दीड सेकंद लागतो. पण तीन सेंटिमीटरचा लहानसा शिक्का कोरायचा असेल, तर तेच डोकं सेकंदाला पाच-सहा वेळा दिशा बदलतं, आणि दर वेळी टेबलाला धक्का देतं. डुगडुगणाऱ्या टेबलाची स्वतःची झुलण्याची लय बहुधा याच टापूत असते. दोन्ही लयी जुळल्या की टेबल नाचायला लागतं. म्हणजे मोठं काम सुबक आणि लहान काम थरथरलेलं, असा उफराटा प्रकार दिसला तर यंत्राला बोल न लावता टेबलाच्या पायांना तिरप्या पट्ट्या माराव्यात.

उंचीबद्दल थोडक्यात. यंत्र स्वतःच बरंच उंच, त्यात झाकण वर उघडतं. आतला तक्ता वाकून बघता आला पाहिजे. त्यामुळे जेवणाच्या टेबलापेक्षा वीतभर बुटकं टेबल बरं. मागच्या बाजूला माणसाचा हात आणि मान जाईल एवढी जागा सोडावी, कारण नळी आणि पहिला आरसा तिकडेच असतात. आणि लोखंडी टेबल केलं तर त्याला अर्थिंगची तार जोडलीच पाहिजे. नळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो, तिथे हयगय नको.

नळीच्या थंड पाण्याची सोय टेबलाखाली करायची असते, पण जमिनीवर, टेबलाच्या खालच्या फळीवर नव्हे. पाणी गार करणाऱ्या चिलरच्या कॉम्प्रेसरची थरथर वर पोचू द्यायची नाही. इथे भिलाईचा उन्हाळा आडवा येतो. नळीला पंधरा ते पंचवीस अंशांचं पाणी हवं. मे महिन्यात बादलीतलं पाणीच पस्तीसच्या वर असतं. सीडब्ल्यू-३००० नावाने मिळणारा स्वस्त डबा म्हणजे नुसता रेडिएटर आणि पंखा, तो पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही. इथे फ्रिजसारखा गार करणाराच चिलर लागतो, आणि पावसाळ्यात तोही जास्त गार ठेवून चालत नाही. श्रावणातल्या हवेचा दवबिंदू चोवीस-पंचवीस अंशांवर जातो, मग अठरा अंशांवर ठेवलेल्या नळीला बाहेरून घाम फुटतो आणि उच्च दाबाच्या टोकाला ठिणगी उडू शकते.

आता माल. माझ्या मते या विषयातला सगळ्यात रसाळ भाग हाच.

तीन मिलिमीटर जाडीचा अ‍ॅक्रिलिकचा तक्ता घ्या आणि ६० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन पट्ट्यांवर आडवा ठेवा. नुसत्या स्वतःच्या वजनाने तो मध्यावर सुमारे नऊ मिलिमीटर खाली झोळतो. आता त्या पट्ट्या जवळ आणून अंतर निम्मं, ३० सेंटिमीटर करा. झोळ किती? निम्मा नाही, पाव नाही. अर्धा मिलिमीटर! झोळ अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. अंतर निम्मं झालं की झोळ सोळाव्या हिश्शावर येतो. रॅकला मध्ये एक जादा पट्टी ठोकण्याइतकं स्वस्त आणि इतकं फायद्याचं काम घरात दुसरं नसेल. आणि हा झोळ तात्पुरता राहिला तर ठीक. पण बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या खोलीत महिना-दोन महिने तसाच पडलेला तक्ता ती वळणं अंगात मुरवून घेतो. नंतर सपाट फरशीवर टाकला तरी सरळ होत नाही. भिंतीला तिरपा टेकवून ठेवलेल्या तक्त्याचंही हेच होतं, आणि आपण सगळे नेमकं तेच करतो, कारण दारामागची जागा तेवढी मोकळी असते.

त्यामुळे दोनच पद्धती खऱ्या. एक, आडवी थप्पी, पूर्ण पाठ टेकलेली, पट्ट्यांवर न ठेवता फळीवर. दुसरी, अगदी उभे तक्ते, अरुंद कप्प्यांत घट्ट बसवलेले, की कुणालाच वाकायला जागा नसेल. घरात जागा कमी म्हणून उभी पद्धत सोयीची. एकेक तक्ता ओढून काढता येतो. कप्पा सैल होत गेला की मात्र उरलेले तक्ते तिरपे पडतात, म्हणून रिकाम्या जागेत पुठ्ठ्याचा किंवा थर्माकोलचा तुकडा सारून द्यावा. अ‍ॅक्रिलिकवरचा कागद कापेपर्यंत काढू नये, पण दोन उन्हाळे तसाच ठेवूही नये. त्याचा गोंद भाजून निघतो आणि मग कागद कपच्या-कपच्यांनी निघतो.

अ‍ॅक्रिलिक निदान आपल्या वजनाने वाकतं. प्लाय हवेने वाकतो. लाकूड हवेतला ओलावा घेत-सोडत राहतं, मेल्यावरही. छत्तीसगडच्या मे महिन्यात त्यात वजनाच्या चार-पाच टक्के पाणी उरतं, भर पावसाळ्यात तेच सोळा-अठरा टक्क्यांवर जातं. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे चिकटवलेले असतात ते एवढ्यासाठीच, की एक थर फुगू लागला की दुसऱ्याने त्याला धरून ठेवावं. दोन्ही बाजूंना सारखी हवा मिळाली तर ही ओढाताण बरोबरीत सुटते. पण एकाच बाजूला ओल लागली तर? हिशेब करून बघा. तीन मिलिमीटरच्या तक्त्याची एक बाजू दुसरीपेक्षा फक्त हजारात एक भागाने जास्त वाढली, तर ६० सेंटिमीटरच्या तक्त्याचा मध्य कडांपेक्षा १५ मिलिमीटरने उचलला जातो. हजारात एक! आणि आपल्याला परवडतो तो एकच मिलिमीटर.

भिलाईत ही एकच बाजू भिजवण्याची व्यवस्था प्रत्येक घराच्या खिडकीत बसवलेली असते. तिला कूलर म्हणतात. बाहेर रखरखीत कोरडी लू, आत कूलरचा ओला झोत, आणि त्या झोताच्या वाटेत भिंतीला टेकवलेला प्लाय. समोरची बाजू पाणी पीत राहते, मागची भिंतीआड कोरडीच. संध्याकाळपर्यंत तक्त्याचा द्रोण झालेला असतो. म्हणून प्लायचा रॅक कूलरच्या झोतात तर नकोच, बाहेरच्या भिंतीलाही नको. पावसाळ्यात तिला ओल येते. जमिनीपासून वीतभर वर, आतल्या भिंतीला, आडवी थप्पी, वर एक जाड फळी आणि तिच्यावर वजन. वजन कशाचं ठेवायचं हे भिलाईत सांगायला नको. ही थप्पी प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत गुंडाळली तर आणखी बरं.

दुकानात घेतानाही हाच विचार. आठ बाय चारचा पूर्ण तक्ता तिथेच यंत्राच्या मापाने कापून घ्यावा, पण थप्पीतला सगळ्यात वरचा घेऊ नये. त्याच्या एका बाजूला दुकानाची हवा लागलेली असते, दुसरीला नाही, मधला मागावा. दुकानदार प्रेमाने 'बीडब्ल्यूपी' पुढे करील, पाण्याला टिकणारा म्हणून. तो नको. त्यातला गडद फिनॉलचा गोंद किरणाला दाद देत नाही, नुसता कोळसा होऊन बसतो. साधा 'एमआर' प्लाय घ्यावा. स्वस्त असूनही कामाला चांगला, असं क्वचितच घडतं.

इतकं करूनही तक्ता थोडा वाकडा निघाला, तर यंत्राच्या पोलादी जाळीवर चार कोपऱ्यांना लोहचुंबक लावून तो दाबून धरता येतो. चुंबक बुटके हवेत, डोक्याच्या वाटेत येणार नाहीत असे.

शेवटी एक इशारा, आणि हा सपाटपणाचा नाही. रॅकवर एक पाहुणा येऊ द्यायचा नाही: पीव्हीसी. तो आपल्याकडे नाव बदलून येतो. साइनबोर्डच्या दुकानात मिळणारा पांढरा, हलका, गुळगुळीत सनबोर्ड बहुधा पीव्हीसीचा फेस असतो. बॅगा आणि सोफ्याचं रेक्झिनही अनेकदा तेच. किरण पडला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, आणि दमट हवेत त्याचं थेट हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. ते यंत्राच्या पट्ट्या गंजवतं, भिंग खराब करतं आणि आपल्या छातीतही जातं. एक्झॉस्टचा पाइप खिडकीबाहेर काढला म्हणजे झालं असं नाही. तो धूर मग शेजाऱ्यांच्या ओट्यावर जातो.

अनोळखी तुकडा ओळखायची रीत दीडशे वर्षांची जुनी आहे. पीटर्सबर्गमध्ये जन्मलेल्या फ्रीडरिश बाइलश्टाइन या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. तांब्याच्या तारेचं टोक ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायचं, ज्योत पुन्हा साधी होऊ द्यायची, गरम टोक तुकड्याला टेकवायचं आणि परत ज्योतीत धरायचं. हे उघड्यावर, पक्कडीने, अगदी कणभर मालावर. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. तो तुकडा यंत्राजवळ आणायचा नाही, रॅकवरही ठेवायचा नाही, कारण सहा महिन्यांनी पांढरा सनबोर्ड आणि पांढरं अ‍ॅक्रिलिक कुणीतरी एकच समजणार. म्हणून कप्प्यात जाणाऱ्या प्रत्येक तक्त्याच्या कोपऱ्यावर मार्करने नाव, जाडी आणि आणल्याचा महिना लिहावा; आणि उरलेला तुकडा ठेवताना लिहिलेला कोपरा शिल्लक राहील असा कापावा. दुकानदाराला विचारलं तर तो सांगेल, "सब कटता है." तो खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे फिरत्या पात्याचा राउटर असतो.